किल्ली कोणाकडे

परागंदा झालेल्या बापाच्या खांद्यावर बसून सहा वर्षांची एक मुलगी डोंगर ओलांडून गेली होती. जुलमी राजवट कोसळल्यावर, बावीस वर्षांनी, राज्यकारभाराचे शास्त्र शिकून ती मायदेशी परतली. तिला वाटले होते, गावे मोडून पडलेली असतील, कारभार म्हणजे काय हे लोक विसरले असतील आणि आपण शिकवू ते अधीरतेने ऐकतील. प्रत्यक्षात गावे उभी होती, पाट वाहत होता आणि जमलेले पंच तिच्या पहिल्याच वर्गात जांभया देत होते.

"पोरगी बोलते छान," एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "पण कोणाशी बोलते?"

त्या खोऱ्यात दोन गावे होती, वरचे आणि खालचे. दोघांची शेते एकाच पाटावर. पाटाला मध्ये एक दार, दाराला कुलूप आणि कुलपाला एकच किल्ली. पेरणीच्या पंधरवड्यात पाणी आधी कोणी घ्यायचे, यावर दरवर्षी चार-चार दिवस सभा चाले. याच प्रश्नावर मतदान शिकवावे, असे तरुणीने ठरवले. हात वर झाले. तिने ते मोजले. खालच्या गावाच्या बाजूने नऊ, वरच्या गावाच्या बाजूने सहा. अर्ध्या तासात निकाल! तिचा चेहरा उजळला.

"बहुमताने ठरले. आता पाणी सोडण्याची जबाबदारीही त्यांचीच," असे म्हणून तिने किल्ली खालच्या गावच्या वृद्ध प्रमुखांच्या हाती दिली. लहानपणी तिला अक्षरे गिरवायला शिकवणारे गुरुजी ते हेच.

वरच्या गावचे सहाही जण उठून जोडे घालू लागले.

तेव्हा वृद्ध उठले, सावकाश सभा ओलांडून गेले आणि त्यांनी किल्ली वरच्या गावच्या प्रमुख बाईंच्या हातात ठेवली. मघाशी याच बाईंच्या विरोधाने छप्पर दणाणले होते.

"उशीर केलात," बाई म्हणाल्या. "मला वाटले, नव्या शाळेत जुने विसरलात."

"म्हातारा माणूस मी. उठायलाच वेळ लागतो."

सगळे हसले. जोडे पुन्हा काढले गेले. हातात खडू घेऊन उभी असलेली तरुणी तेवढी हसली नाही.

परतीच्या वाटेवर तिने विचारले, "गुरुजी, तुम्ही जिंकला होतात. मग किल्ली त्यांना का? उद्या त्यांनी दार उघडलेच नाही तर?"

"दोनदा नाही उघडले. एकदा चूक आमची होती. दुसऱ्यांदा बाई नुसत्याच रागावल्या होत्या. तीन दिवस त्यांच्या ओट्यावर बसून राहिलो."

"आणि पिके?"

"थोडी करपली."

"मग हा कसला कारभार?" तिचा आवाज चढला. "मी इतकी वर्षे शिकले ते काय, ओट्यावर बसायला?"

वृद्ध थांबले. "पोरी, तू इथे नव्हतीस तेव्हा निर्णय पाळायला लावणारे इथे कोणी नव्हते. शिपाई होते, पण ते लुटायला येत. जिंकलेल्याच्या हाती किल्ली राहिली, की तो ठरल्यापेक्षा जास्त पाणी घेतो. मीही घेतले आहे. किल्ली हरलेल्याकडे असली, की जिंकलेल्याला रोज सकाळी त्याच्या दारात उभे राहून मागावे लागते. मागायला गेलेला माणूस ठरले तेवढेच मागतो. आणि ज्याच्याकडे मागायला लोक येतात, तो सभा सोडून जात नाही. तुझे हात मोजणे चांगले आहे, ते आम्ही ठेवू. चार दिवस वाचले. पण मोजून झाल्यावर काय, ते तू सांगितले नाहीस."

तिला सगळे पटले नाही. करपलेली पिके मनातून जाईनात. नियम चांगला की माणसे चांगली, आणि या खोऱ्याला आपली गरज तरी आहे का, हा गुंता काही केल्या सुटेना. तिला एवढेच पुन्हापुन्हा आठवत होते की तिच्या अर्ध्या तासानंतर सहा माणसे जोडे घालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्गाकडे गेली नाही. राजधानीत क्रम ठरवून दिलेल्या बारा पाठांचे बाड घेऊन ती वरच्या गावाची चढण चढली. प्रमुख बाई गोठ्यात धार काढत होत्या.

"हे माझे सगळे पाठ," ती म्हणाली. "कोणता आधी घ्यायचा आणि कोणता घ्यायचाच नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही सांगेपर्यंत मी शिकवणार नाही."

बाईंनी वर पाहिले नाही. "मला विचारतेस? काल माझा हात तुझ्या नऊ जणांत नव्हता."

"म्हणूनच आले."

"मग बस तिथे," बाई म्हणाल्या. "अजून दोन गाई व्हायच्या आहेत."

बाड मांडीवर ठेवून ती ओट्यावर बसली.