कोंडवाड्यातली समिती

एका माळावर कोरडेवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात लिंबाजी नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती, तर सांगितलेलं सगळं करायचा. सांगितलेलं सगळं करणारा माणूस कुणालाच फार दिवस परवडत नाही. त्यामुळे लिंबाजीची एकही नोकरी टिकत नसे.

किराणा दुकानदारानं त्याला एकदा सांगितलं, "मी जेवून येतो, तू दुकान बघत बस." लिंबाजी समोरच्या ओट्यावर बसला आणि दुकान बघत राहिला. एक गाय आली. तिनं गुळाची ढेप खाल्ली. लिंबाजीनं तेही बघितलं.

ती नोकरी गेली त्याच दिवशी पाझरगावहून त्याचे सासरे सखाहरी आले आणि लेकीला घेऊन गेले. जाताना वेशीत उभं राहून सगळ्या गावासमोर म्हणाले, "जावई एका नोकरीवर टिकला की लेक धाडतो. तोवर नाही."

लिंबाजीला फार वाईट वाटलं. त्याच्या बायकोचं नाव गया. जगात एकट्या तिलाच त्याला काम सांगता यायचं, कारण ती ते शेवटापर्यंत सांगायची. "पाणी आणा, घागरीत आणा, घागर उंबऱ्याच्या आत ठेवा, उपडी ठेवू नका." बाकीची माणसं अर्धंच सांगत आणि पुरं झालं नाही म्हणून ओरडत.

तशात गावाला मोठ्या शर्यतीची हवा लागली.

सरपंच रंगनाथरावांनी पारावर सगळ्यांना समजावून सांगितलं. जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारींची शर्यत असते. ती दर वर्षी देशोदेशी होते. ज्याला ती आपल्याकडे हवी असेल त्यानं जागा दाखवायची. मग परदेशातून एक समिती येते, जागा बघते, जेवते आणि ठरवते. आपल्या सरकारला ती शर्यत हवी होती आणि सरपंचांनी गावचा माळ दाखवायचं कबूल केलं होतं.

लिंबाजी मागं उभा होता. त्यानं विचारलं, "अण्णा, त्या मोटारी जाणार कुठं?"

"कुठं नाही. गोल फिरून परत इथंच."

"मग निघायचं कशाला?"

पारावर कुणीतरी हसलं. सरपंच म्हणाले, तुला नाही कळायचं.

खरं तर गावात ते कुणालाच कळलं नव्हतं. कोरडेवाडीहून तालुक्याच्या दवाखान्याला जायला धड रस्ता नव्हता. तो मागता मागता दोन सरपंच म्हातारे झाले होते. आता मात्र वरून कळवलं होतं की समितीनं माळ पसंत केला तर आरशासारखा गुळगुळीत रस्ता होईल. फक्त तो दवाखान्याला जाणार नव्हता. तो कुठंच जाणार नव्हता. गुरं कुठं चरायची, असं एका म्हातारीनं विचारलं, तेव्हा सरपंच म्हणाले की गुरं टीव्हीवर शर्यत बघतील.

माळाला रखवालदार हवा होता. लिंबाजीइतका रिकामा माणूस गावात दुसरा नव्हता. त्याला खाकी सदरा मिळाला, शिट्टी मिळाली आणि सरपंचांनी पहिला हुकूम दिला, "उद्या जागा बघायला इंजिनीअर येणार. वाटेवर एक धोंडा दिसता कामा नये."

लिंबाजीनं रात्रीच पाझरगावला निरोप धाडला की नोकरी लागली. सासऱ्यांचा उलट निरोप आला की टिकू दे.

सकाळी लिंबाजी माळावर गेला. धोंडे पुष्कळ होते. त्यानं गंजीवरून कडबा आणला आणि सगळ्या वाटेवर अंथरला. एकही धोंडा दिसेना. इंजिनीअरसाहेबांची गाडी आली, कडब्यावरून मजेत चालली आणि मधल्या मोठ्या धोंड्यावर चढून बसली. चेंबर फुटलं. सगळं तेल कडब्यानं पिऊन घेतलं.

सरपंचांनी लिंबाजीला फैलावर घेतलं. "अरे, झाकून काय होतंय? मधे आडवं येईल ते उचलायचं आणि कडेला नीट रचून ठेवायचं. एवढी अक्कल नाही?"

"आता आली, अण्णा," लिंबाजी म्हणाला.

पुढच्या खेपेला मोजणीची माणसं आली. त्यांनी दिवसभर उन्हात उभं राहून आखणी केली आणि मोटारींची वाट जिथून वळणार तिथं तिथं लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या ठोकल्या. संध्याकाळी ती दमून गेली. लिंबाजी माळावर आला तर जिकडं तिकडं खुंट्या आडव्या आलेल्या. त्यानं एकूण एक उपटली आणि बाभळीखाली नीट रचून ठेवली. चिंध्या वेगळ्या घडी घालून ठेवल्या.

मोजणीवाला मुकादम सकाळी आला आणि बाभळीखाली बसून खुंट्या मोजू लागला.

सरपंचांनी डोक्याला हात लावला. ते म्हणाले, "लिंबाजी, हात जोडतो. इथून पुढं जे जिथं असेल ते तिथंच राहू दे. बोट लावू नको."

"नाही लावत."

तिसऱ्या खेपेला मुंबईहून एक बडा अधिकारी आला. समिती यायच्या आधी सगळं ठाकठीक आहे का ते बघणं हे त्याचं काम. त्याची गाडी माळावर शिरली तर वाटेत सरपंचांचाच वळू बसलेला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. वळूनं कान हलवला. लिंबाजी शेजारी काठी टेकून उभा होता.

"हाक की त्याला," अधिकारी म्हणाला.

"नाही, साहेब. जिथं आहे तिथंच राहू द्यायचा हुकूम आहे."

"कुणाचा हुकूम?"

"वळूच्या मालकाचा."

वळू उन्हं कलल्यावर उठला. अधिकारी तोवर निघून गेला होता. जाताना सरपंचांना म्हणाला होता की समितीपुढं असं काही घडलं तर शर्यत विसरा.

सरपंचांनी लिंबाजीला समोर बसवलं. या वेळी त्यांनी एकेक शब्द तोलून सांगितला. माळावर परवानगीशिवाय जे कुणी पाय ठेवील ते कोंडवाड्यात घालायचं. माझं असो, कुणाचं असो. मालक आला, त्यानं खूण सांगितली, तरच सोडायचं.

लिंबाजीला हे लगेच पटलं, कारण हा गावचा जुनाच कायदा होता. दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर धरून कोंडवाड्यात घालायचं. त्याला वैरण टाकायची, पाणी दाखवायचं. मालकानं यायचं, शिंगाची, शेपटीची, कपाळावरच्या टिक्क्याची खूण सांगायची आणि आपलं जनावर सोडवून न्यायचं. वेशीजवळ दगडी भिंतीचा कोंडवाडा होता. त्याला जाड लाकडी दार आणि भलीमोठी कडी होती.

समिती ठरल्या वेळेच्या आधी येऊन थडकली. आधी येऊन बघितलं की जागा खरी कशी आहे ते कळतं, असं तिच्या अध्यक्षाला वाटत होतं. अध्यक्ष गोरा आणि उंच होता. बरोबर तीन परदेशी पाहुणे आणि बोलणं समजावून सांगायला एक आपल्याकडचा दुभाषी. सरपंच तेव्हा तालुक्याला हारतुरे आणायला गेले होते. माळावर लिंबाजी एकटाच.

"परवानगी?" लिंबाजीनं विचारलं.

दुभाषी म्हणाला, "अरे, हे परवानगी देणारे आहेत. यांना कोण परवानगी देणार?"

"म्हणजे नाही," लिंबाजी म्हणाला आणि त्यानं शिट्टी वाजवली.

अशा समितीला एक सवय असते. खाकी घातलेला माणूस शिट्टी वाजवत पुढं चालला की ती मागून चालू लागते. लिंबाजी वेशीकडं निघाला. समिती त्याच्या मागं. तो कोंडवाड्याच्या दारात अदबीनं बाजूला झाला. समिती आत गेली. भिंतीचं बांधकाम बघून अध्यक्षानं मान डोलावली. एकानं फोटो काढले. लिंबाजीनं कडी घातली.

मग त्यानं भिंतीवरून वैरण टाकली आणि पाण्याची बादली आत सोडली.

दुभाष्यानं आरडाओरडा केला, लोक जमले. लिंबाजीनं सगळ्यांना रीतसर विचारलं, ही कुणाची आहेत? तलाठी घाबरला. म्हणाला, आमची नाहीत, वरून आली आहेत. त्यानं तहसीलदारांना फोन लावला. तहसीलदार म्हणाले, मुंबईची असतील. मुंबईहून सांगितलं, दिल्लीची. दिल्लीहून सांगितलं, बाहेरून आलेली आहेत, आम्ही फक्त सोय बघतो. हार घालायला सगळी होती. ही माझी आहेत म्हणायला कुणी निघेना.

"बेवारशी दिसतात," लिंबाजी म्हणाला आणि त्यानं आणखी थोडी वैरण टाकली.

एवढ्यात सखाहरी मोटारसायकलवरून बाजाराला निघाले होते ते गर्दी बघून थांबले. त्यांनी भिंतीवरून आत डोकावलं. सखाहरी हुशार माणूस. क्षणात त्यांच्या ध्यानात आलं की ज्याच्यासाठी सगळा जिल्हा झुरतोय ते इथं कोंडवाड्यात बसलंय.

"जावईबापू, ही तर माझीच," ते म्हणाले.

"खूण सांगा, मामा."

"एक गोरं आहे, उंच. नाकावर उन्हानं तांबडा चट्टा. दुसऱ्याच्या गळ्यात निळी पट्टी. आणि ते काळं त्यांच्यातलं नाही, पण त्यांच्यातच चरतं."

लिंबाजीनं आत बघितलं. खुणा पटल्या. त्यानं दार उघडलं.

सखाहरींनी समितीला पाझरगावला नेलं. वैरण बघून आलेल्या माणसांना त्यांनी मोसंबीचा रस पाजला, बागेतल्या सावलीत बसवलं, मटण खाऊ घातलं. समिती तिथंच झोपली. उठल्यावर तिनं ठरवून टाकलं की शर्यत पाझरगावलाच. कारणं पेपरात छापून आली. भरपूर पाणी, दाट सावली आणि स्थानिकांचा उत्स्फूर्त सहभाग. चेंबर फोडणारा माळ तिनं पुन्हा बघितलाही नाही.

सरपंच तालुक्याहून परत आले तेव्हा हार सुकले होते. ते लिंबाजीला मारायला धावले आणि मधेच दमून बसले.

"त्याला का दिली?"

"खूण पटली, अण्णा."

सरपंचांनी डोळे मिटले. "आता ऐक. मी मुंबईला जातो आणि शर्यत परत आणतो. तोवर कोंडवाड्याचं दार माझ्या तोंडून हुकूम आल्याशिवाय उघडायचं नाही. कुणी कसलीही खूण सांगो. कुणी तुझा बाप म्हणून येवो."

"फोनवर सांगितलं तर?"

"फोनवरही नाही. कुणी आवाज काढून फसवील तुला. मी समोर उभा राहून सांगीन."

सरपंच मुंबईला गेले.

इकडं पाझरगावात लाल चिंध्यांच्या खुंट्या आल्या. पाणी होतं म्हणून ती जागा निवडली होती, तर पहिल्यांदा विहीर बुजवायचं ठरलं, कारण ती वाटेत येत होती. सावली होती म्हणून निवडली होती, तर झाडं तोडायचं ठरलं, कारण सावलीमुळं मोटारी कॅमेऱ्यात नीट दिसत नव्हत्या. सखाहरींची मोसंबीची बाग दुसऱ्या वळणात गेली. घर प्रेक्षकांच्या गाड्या लावायच्या जागेत गेलं. सखाहरींनी अधिकाऱ्यांना विचारलं, तेव्हा त्यांना पेपरातलं कात्रण दाखवलं. उत्स्फूर्त सहभाग तुमचाच होता ना, असं विचारलं.

सखाहरींची झोप उडाली. शर्यत ज्याची होती त्याला ती परत द्यावी आणि मोकळं व्हावं, एवढंच त्यांच्या मनात राहिलं. सरपंच मुंबईला गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं; कुणाला दिसू नये म्हणून भल्या पहाटे ते सरपंचांना भेटायला निघाले. जवळची वाट माळावरूनच होती.

शिट्टी वाजली.

"लिंबाजी, मी आहे. तुझा सासरा."

"ओळखलं, मामा. परवानगी?"

परवानगी नव्हती. सखाहरी समितीपेक्षा जड निघाले. ते मागून चालेनात, त्यांना हाकावं लागलं. पण दिवस उगवायच्या आत कडी लागली आणि वैरण पडली.

गाव गोळा झालं. शर्यत पळवणारा माणूस आत बघून गावाला फार बरं वाटलं. हे कुणाचं, असं लिंबाजीनं विचारलं, तेव्हा सगळी कोरडेवाडी एका आवाजात म्हणाली की आमचं नाही.

दुपारी पाझरगावहून गया आली. बरोबर कपड्यांची पिशवी होती, कारण घराच्या भिंतीवर खडूनं फुली पडली होती. तिनं भिंतीवरून आत बघितलं.

"अहो, दार उघडा. माझे आबा आहेत ते."

"खूण?"

"जावई नोकरीवर टिकल्याशिवाय लेक धाडत नाही, असं वेशीत उभं राहून म्हणाले होते. तेच हे."

"खूण पटली," लिंबाजी म्हणाला. "पण अण्णा समोर येऊन सांगतील तेव्हाच उघडता येईल. फोनवरही चालत नाही."

गयाला नवऱ्याला काम सांगता यायचं. तिला वाटलं असतं तर तिनं काहीतरी शब्द शोधून काढले असते. ती थोडा वेळ कडीकडं बघत राहिली. मग तिनं पिशवी उचलली.

"घराची किल्ली द्या," ती म्हणाली. "चूल पेटवते. दोन्ही वेळा आबांची भाकरी घेऊन जा. भिंतीवरून द्या. गरम असतानाच द्या. वैरण टाकू नका."

त्या दिवसापासून गया घरी आहे. सखाहरी गव्हाणीवर बसून जेवतात. लिंबाजी दाराशी खाकी सदऱ्यात उभा असतो, पाऊस असो की ऊन, जागचा हलत नाही. पहिले काही दिवस सखाहरींनी त्याला नाही नाही ते बोलून घेतलं. मग एकदा चटणीबरोबर भाकरीचा शेवटचा तुकडा चघळता चघळता त्यांनी जावयाकडं बराच वेळ पाहिलं आणि कबूल केलं की पोरगा नोकरीवर टिकला.

सरपंच अजून मुंबईहून यायचे आहेत.