माळाची मोजणी

शंखावती नगरीवर राजा अरिष्टसेन राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व शेते मोजणाऱ्यांच्या घराण्यात जन्मला होता. दोरी ताणून हद्दी ठरवायच्या आणि खुंट्या रोवायच्या, हे त्याचे काम. त्याने ठरवलेल्या बांधावरून कधी भांडण झाले नाही.

तो करंजखेट गावी राहत असे. खाली नदीकाठी भातशेती होती आणि वर मोठा माळ. पावसाळ्यात शेतात पीक उभे असे, तेव्हा मेंढपाळ आपले कळप माळावर चारीत. कापणी झाली की ते खाली उतरून रिकाम्या शेतांत मेंढ्या बसवीत. लेंड्यांच्या खताने जमीन कसदार होई, आणि शेतकरी त्याबद्दल त्यांना धान्य देत. मग ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत दूर निघून जात. हे किती पिढ्या चालले होते, कोणालाच ठाऊक नव्हते.

एका वर्षी राजाची आज्ञा आली, ‘पडीक जमीन मोजून नांगराखाली आणावी.’ गावचा प्रमुख, ग्रामणी भद्रसेन, खूश झाला. तो बोधिसत्त्वाला म्हणाला, “माळाचे वाटे पाड. पाणवठ्याजवळचा तुकडा तुझा.”

“माळ पडीक नाही,” बोधिसत्त्व म्हणाला. “मेंढ्या तिथे चरतात, म्हणून आपले भात पिकते.”

“मेंढ्या चरतील दुसरीकडे कुठेतरी.”

बोधिसत्त्व नगरीत जाऊन राजासमोर उभा राहिला. राजाने त्याचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “त्या माळावर मेंढपाळांचे नाव कुठे लिहिले आहे?”

“लिहिलेले नाही, महाराज. ते येतात आणि जातात.”

“मग तिथे त्यांचे काही नाही.”

बोधिसत्त्वाने मोजणीची दोरी राजाच्या पायाशी ठेवली आणि तो घरी परतला. माळ दुसऱ्याने मोजला.

पुढच्या पावसाळ्यात मेंढपाळ आले, तेव्हा माळ नांगरलेला होता आणि भोवती काटेरी कुंपण होते. मेंढ्या नुकत्याच व्यायल्या होत्या. जानुका नावाची वृद्धा त्यांची म्होरकी. ती कुंपणापाशी नुसती उभी राहिली. बोधिसत्त्वाने तिला आपल्या शेतावर नेले. “मेंढ्या आत घाला, आई.”

“अरे, पीक आहे बाबा.”

“असू द्या.”

तिसऱ्या दिवशी भाताची काडीही उरली नाही. शेत सखल होते. गुडघाभर चिखलात मेंढ्यांचे खूर कुजले, कोकरे गारठून मरू लागली. बोधिसत्त्व आणि जानुका ती उचलून पुरत राहिले. गावकरी बांधावरून पाहत होते, पण कुंपण कोणी उघडले नाही.

निघताना जानुका म्हणाली, “तू सगळे शेत दिलेस. पण मेंढीला उंच, कोरडी जागा लागते. ती तुझ्यापाशी नव्हती.”

“परत याल ना?”

“कुठे येऊ?” तिने विचारले.

माळावर दोन वर्षे तीळ चांगला झाला. मग पावसाने माती वाहून नेली आणि खडक उघडा पडला. खताविना खालची शेतेही निकस झाली. लोक गाव सोडू लागले. तेव्हा भद्रसेन बोधिसत्त्वाकडे येऊन म्हणाला, “मेंढपाळांना बोलावून आण. तुझे ते ऐकतील.”

बोधिसत्त्व महिनाभर दक्षिणेकडे चालत गेला. एका नगराच्या तटाशी दगड वाहणाऱ्यांत त्याला जानुकाचा मुलगा भेटला. मुलाने त्याला ओळखले, सावलीत बसवले, पाणी दिले.

“आई गेली,” तो म्हणाला. “मेंढ्याही नाहीत आता.”

बोधिसत्त्व पाणी पिऊन परत फिरला. उरलेले आयुष्य त्याने गवताचे बी गोळा करून त्या खडकांच्या फटींत टाकण्यात घालवले. तो वारला त्या वर्षी माळावर वीतभर गवत आले होते. ते चरायला कोणी आले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षूंना सांगितली. मग ते म्हणाले, “तेव्हाचा राजा आज नदीपलीकडे दुसऱ्याची गुरे राखतो. भद्रसेन म्हणजे हा उपासक सोमिल. जानुका म्हणजे आपल्यातली भिक्षुणी अंजना, आणि तो शेते मोजणारा मीच होतो. त्या जन्मी माझ्याकडून मैत्री-पारमितेचे, म्हणजे सर्वांविषयीच्या निरपेक्ष स्नेहाचे, आचरण झाले. भिक्षूंनो, त्या मैत्रीने एकही कोकरू वाचले नाही. तरी ती मैत्रीच होती.”