यमूची हाक

श्रीनिवांतनाथ महाराज त्या काळी नदीकाठच्या धामणखेडला, घाटावरच्या मठीत राहत असत. गावात अंबूबाई बुरडीण टोपल्या विणून पोट भरी. तिची लेक यमू फार भित्री. परक्यासमोर तोंड उघडायचं म्हटलं की तिचे हातपाय गार पडत.

एकदा देवळात भिकाजीपंत पुराणिकांनी तिला नाव विचारलं. यमूचे ओठ हलले, शब्द फुटेना. पंत हसून म्हणाले, "अंबूबाई, देव हिला जीभ द्यायला विसरला वाटतं!" सारे हसले. यमूनं त्या रात्री घास घेतला नाही.

रडत आलेल्या आईला महाराज म्हणाले, "माय, तिला 'बोल बोल' म्हणू नकोस. रोज सकाळी घाटावर पाठव."

घाटावर महाराज तिला नदीकडे तोंड करून 'नारायण' म्हणायला सांगत. आधी नुसते ओठ हलत. पुढे कुजबुज झाली. कुणी घागर घेऊन आलं की ती पुन्हा गप्प होई. महाराज कधी रागावले नाहीत.

एके सकाळी दाट धुकं पडलं. अचानक पाण्यावरून आरोळी आली, "वाचवा! काठ दिसत नाही!" पैलतीराहून येणारी नाव धारेला लागली होती, आणि खाली कातळांवर पाणी आदळत होतं. नावेत भिकाजीपंत होते. घाटावर माणसं धावली. जो तो वेगळ्या जागेवरून ओरडू लागला, त्यानं नावाडी आणखीच गोंधळला. नाव कातळांकडे सरकू लागली.

"सगळे गप्प राहा!" महाराज म्हणाले. "हाक एकच हवी. यमू, तू दे."

"महाराज, हिला कसं जमेल?" अंबूबाईचा जीव गोळा झाला.

यमू पायरीवर पुढे आली. तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. नावेतला आक्रोश वाढला.

महाराजांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "भीती वाटते ना, बाळ? वाटू दे. भीतीसकट हाक दे."

यमूनं डोळे मिटले. "नारायण!"

बारीकसा तो आवाज! पण ती थांबली नाही. हाकेमागून हाक देत राहिली. थोड्या वेळानं वल्ह्याचा आवाज जवळ आला, आणि धुक्यातून नावेचं टोक घाटाच्या पायरीला टेकलं!

पंत नावेतून उतरले. "आमच्या कानाशीच कुणी हाक देत होतं," ते म्हणाले. "एक आवाज पोरीचा, आणि त्याच्याखाली एक धीरगंभीर आवाज. महाराज, तो आपलाच ना?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. महाराजांनी तर ओठही हलवले नव्हते!

पंतांनी महाराजांचे पाय धरले. "या पोरीला मी हसलो. मला क्षमा करा."

"क्षमा मी कोण करणार?" असं म्हणत महाराज बाजूला झाले. पंत वळले आणि त्यांनी यमूपुढे डोकं टेकलं.

यमू गोंधळून गेली. मग सगळ्यांदेखत, स्पष्ट आवाजात म्हणाली, "आजोबा, उठा. पायरी ओली आहे. थंडी बाधेल तुम्हाला."