रेवताच्या हातचं सुकाणू

पूर्वी चंपकावती नगरात अरिंदम राजाचं राज्य होतं. तेव्हा बोधिसत्त्व नावाड्याच्या कुळात जन्मले आणि पुढे नदीच्या घाटाचे मुख्य नावाडी झाले.

त्या घाटावर एक चाल होती. मिसरूड फुटलं की पोराला वल्हं मिळे. सुकाणू मात्र पंचविशी उलटल्यावरच.

जत्रेच्या तोंडावर एक सुकाणूवाला तापानं पडला. तेव्हा नंदा नावाची विधवा बोधिसत्त्वांकडे आली. तिचा रेवत सोळा वर्षांचा होता, अंगानं थोराड.

"दादा, एवढ्यापुरतं सुकाणू त्याला द्या. बापाविना वाढलेल्याच्या हाती कोण काय देणार, असं लोक तोंडावर म्हणतात."

आईचा जीव तो. बोधिसत्त्वांना नाही म्हणवेना. त्यांनी रेवताला एकट्याला नदीत नेऊन पारखलं. "दोन खडकांमधून जवळची वाट आहे. जाशील?"

"नाही मामा. तिथं भोवरा आहे. लांबून जायचं."

उत्तर बरोबर होतं. हातही स्थिर होता. बोधिसत्त्वांनी सुकाणू दिलं.

जत्रेच्या सकाळी रेवताच्या नावेत त्याचेच सोबती बसले. मधल्या धारेत मित्तक नावाचा पोरगा म्हणाला, "अरे, सुकाणू धरलंयस की आईचा पदर? म्हातारीसुद्धा याहून लवकर नेईल." बाकीचे खदखदून हसले. रेवतानं नाव खडकांकडे वळवली.

नाव फुटली. बाकीचे पोहून निघाले. मित्तक सापडला तो संध्याकाळी, खालच्या वळणावर.

रेवत म्हणाला, "मामा, मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. तरी हात वळला."

राज्याचा कायदा असा, की ज्याच्या हातून नाव बुडून माणूस मेलं, त्याचा उजवा हात तोडायचा. बोधिसत्त्व राजापुढे उभे राहिले.

"महाराज, सुकाणू मी दिलं. हात माझा घ्या."

"पोरगा अजाण नव्हता," राजा म्हणाला. "त्याला भोवरा माहीत होता."

"माहीत होणं लवकर येतं, महाराज. सोबती हसत असताना थांबणं उशिरा येतं. बळ आधी वाढतं, आवर मागून. आमच्या वाडवडिलांनी म्हणूनच ती चाल घातली. मी त्याला एकट्याला पारखलं. ती चूक माझी."

राजानं दोष बोधिसत्त्वांच्या माथी धरला. मग कायद्याप्रमाणे झालं. बोधिसत्त्वांचा हात गेला, मुख्यपणही गेलं.

रेवत वल्हं मारत राहिला. पंचविशी उलटल्यावर त्याला सुकाणू मिळालं. नावेत पोरं कितीही चेष्टा करोत, तो नाव लांबूनच नेई. पण मित्तकाची आई त्याच्या नावेत कधी बसली नाही. पार वर, उथळ पाण्याच्या उतारापर्यंत ती पायी जाई आणि तिथून नदी ओलांडी.

ही कथा सांगून विहारातले गुरू, म्हणजे शास्ते, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा रेवत म्हणजे काल रागाच्या भरात सोबत्यावर काठी उगारणारा हा तरुण श्रामणेर, नवशिका भिक्षू. नंदा म्हणजे त्याची आताची आई, ती बघा, दाराशी उभी आहे. राजा म्हणजे या विहाराला जागा देणारा धनिक श्रेष्ठी. मित्तकाची आई आजही लांबच आहे, या सभेत आलेली नाही. आणि तो नावाडी मीच होतो."

या कथेत थोर ठरते ती करुणा. कोवळ्या वयाचं ओझं जाणत्याला आपल्या अंगावर घ्यायला लावणारी.