म्हादबाचा सूर

"…मग मोठा कोण, बाबा? म्हादबा का धोंडी?"

नूरशा फकिरानं मान वर केली नाही. चिंचेच्या सावलीत बसून तो बकऱ्याच्या ओल्या कातड्यावरचे केस खरवडत होता.

"आधी पाणी पी," तो म्हणाला.

"पाणी नको. उत्तर द्या. पाच वाजता सभा हाय आमची."

एवढं बोलून हैबतीनं ओठ मिटले आणि आतल्या आत सुरू केलं… हूं… हूं… हूं.

सकाळी एसटीत बसल्यापासून त्याचं हेच चाललं होतं. पोटात दुखतंय का म्हणून कंडक्टरनं त्याला दोनदा विचारलं होतं.

आता हा हैबती कोण आणि घायकुतीला का आलेला, ते सांगायला हवं. त्याच्या कुसळवाडीत दोन माणसं अशी होऊन गेली की त्यांच्या नावानं गाव ओळखलं जायचं. एक म्हादबा गोसावी. हातात एका तारेचं तुणतुणं आणि तोंडी बांधावरची गाणी. नांगर, बैल, सासरी गेलेली लेक, यापलीकडं त्याच्या गाण्यात काही नसायचं. पण त्यानं तोंड उघडलं की माणूस उभ्या जागी खाली बसायचा.

दुसरा धोंडी हलगीवाला. त्याची हलगी कडाडली की बसलेला माणूस उठायचा. नवरीचा बाप नाचायचा, भटजी नाचायचा, आणि एकदा तर बंदोबस्ताला आलेला हवालदार टोपी काखेत मारून नाचला होता.

दोघंही आता मातीत गेले. म्हादबा गेल्या वर्षी चैत्रात, धोंडी या माघात. इकडं गावानं सभागृह बांधलं. सभागृह एक, पाटी एक आणि नावं दोन. भावकीत बोलचाल बंद झाली. शेवटी कुणीतरी शहाण्यानं तोड काढली. दोघांचीही वाद्यं चाळीस वर्षं नूरशा फकीरच मढवत आला, तेव्हा फकीर सांगेल ते नाव लावायचं.

"मी जातो विचारायला," हैबती म्हणाला होता. तो बारा वर्षं म्हादबाचा शिष्य. उत्तर काय येणार याची त्याला खात्री होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे गाण्यातल्या माणसांनाही चुकलेलं नाही.

"बाबा…"

"पिशवीत काय हाय?" नूरशानं विचारलं.

हैबतीचा चेहरा पडला. त्यानं पिशवीतून तुणतुणं काढलं. खालचं कातडं मधोमध फाटलं होतं आणि तार लोंबत होती.

"म्हादबाचं?"

"व्हय."

"फाटलं कसं?"

"हात न लावता फाटलं. मागल्या अवसंला, भर दुपारी. कपाटाची काच हादरली. गुरू रागावला, बाबा. धोंडीचं नाव पुढं आलं म्हणून रागावला."

नूरशानं फाटक्या कातड्यावरनं बोट फिरवलं. मग खुंटी पाहिली.

"तार चढलेलीच व्हती?"

"व्हय."

"किती दिवस?"

"तेरा महिनं."



वाजवून झालं की तार उतरवून ठेवायची, नाहीतर ताणानं कातडं फाटतं, हे तुणतुणेवाल्याच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. बारा वर्षं रोज रात्री म्हादबाची तार हैबतीच उतरवायचा. ज्यानं शंभर जणांना हे शिकवावं, त्यानंच ती चूक केली होती. आणि चुकून नव्हे, समजून-उमजून.

"ऐका तरी," हैबती म्हणाला. "त्या सांजंला म्हादबानं तार लावली, एक गाणं म्हटलं आन् तसाच कलंडला. माती देऊन घरी आलो. तुणतुणं उचलताना तारंला बोट लागलं… त्याचा सूर तसाच व्हता, बाबा. त्यानं लावलेला. त्याच्या हाताचा. खुंटी पिळली असती तर तेवढाही गेला असता. म्हणून मी काचंच्या कपाटात ठिवलं. हार घातला. कुणाला शिवू दिलं न्हाई."

"तू वाजवलंस?"

"मी कसा वाजवू?"

"गायलास?"

"कशावर गाऊ?"

नूरशानं खरवडणी बाजूला ठेवली. "आन् हे हूं हूं काय चाललंय?"

"त्योच सूर हाय," हैबती म्हणाला. "कातडं फाटल्यापास्नं जपतोय. तुमी मढवून दिलं की बरोब्बर त्याच सुराला लावायचं. थांबलो तर सांडंल."

आणि त्यानं घाईघाईनं पुन्हा सुरू केलं… हूं… हूं…

फकीर उठला. कातडं पाण्यातून काढून त्यानं हैबतीच्या हातात दिलं. "ताण. दोन्ही हातांनी."

दोघांनी मिळून ओलं कातडं तुणतुण्याच्या तोंडावर ओढलं. नूरशानं दोरीचे आठ-दहा वेढे आवळले आणि वाद्य उन्हात पालथं ठेवलं.

"वाळायला दोन तास."

"दोन तास? सभा हाय म्हटलं ना!"

"ऊन काय तुझ्या सभेचा नोकर हाय?"

हैबती बसला. उठला. फकिराच्या झोपडीला, त्या तकियाला, एक फेरी मारून आला. घड्याळ बघितलं. पुन्हा बसला. मग त्याची नजर चिंचेच्या फांदीला टांगलेल्या हलगीकडं गेली.

"ही कुणाची?"

"धोंडीची. त्याच्या पथकाची माणसं टाकून गेली. माघापास्नं दोनदा फोडली त्यांनी."

हैबतीच्या अंगात एकदम तरतरी आली. "बघा. अजून वरीस व्हायचंय न् दोनदा फोडली. ही काय राखण? आन् धोंडीची म्हणजे काय हो? कातडं किती बदललं तिचं?"

"मोजलं न्हाई."

"कडं?"

"कडं दोनदा बदललं. एकदा धोंडी असताना, एकदा आता."

"मग धोंडीचं काय उरलं तिच्यात?"

"मी पण मढवताना दर वेळी त्येच बघतो," नूरशा म्हणाला.

हैबतीला हे उत्तर पटलं नाही, पण खोडताही येईना. त्यानं विषय बदलला. मनात तेरा महिने सलत असलेलं काहीतरी त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"बाबा, म्हादबाच्या मातीला अकरा माणसं व्हती. अकरा. धोंडीच्या मातीला तीन गावचा रस्ता तुंबला. दुकानं बंद. आमदार आला. मी बारा वर्षं त्या माणसाच्या मागं फिरलो. शेत वाट्यानं लावलं. बायको म्हणायची, अहो, गाण्यानं चूल पेटती का. मी म्हणायचो, थांब, लोकांना कळंल. आन् शेवटी अकरा."



"अकरा कोण कोण?" फकिरानं विचारलं.

"आता कोण कोण काय…"

"मोज."

हैबतीनं बोटं धरली. "मी. बायको. म्हादबाचा चुलतभाऊ, त्याची दोन पोरं. शाळंचं गुरुजी. सोनबा धनगर. कुंभाराची म्हातारी. पाटलाचा गडी. तुमी…" हात थांबला.

"हे दहा झालं."

हैबतीनं धरलेली बोटं सोडून दिली.

"अकरावा?"

"…धोंडी."

"हलगी घिऊन आलता?"

"न्हाई. हात हालवत आला. अनवाणी. वढ्याच्या कडंला उभा राहिला, सगळ्यांच्या मागं."

"बोलला काय?"

"मला म्हणाला, हैबती, आता मी कुठं थांबायचं हे मला कोण सांगणार?" हैबतीनं कपाळाला आठ्या घातल्या. "मला वाटलं, पिऊन आलाय."

नूरशानं तुणतुण्यावरचा हात काढला, पुन्हा ठेवला. कातडं अजून दमट होतं.

"आन् धोंडीच्या मातीला तू व्हतास?" त्यानं विचारलं.

"गावात ऱ्हायचं म्हटल्यावर जावं लागतंच की."

"हलगी वाजत व्हती?"

"सगळी वाट. त्याच्याच पोरांनी वाजवली."

"मग?"

"मग काय?"

"तुझं पाय काय करत व्हतं?"

तकियामागं एक बकरी ओरडली आणि थांबली.

"हललं," हैबती म्हणाला. लाजेनं त्याची मान खाली गेली. "नाचलो, बाबा. वेशीपास्नं वढ्यापर्यंत नाचलो. आन् नाचता नाचता रडलो. आपल्या गुरूच्या मातीला डोळं कोरडं, आन् ह्याच्या मातीला… म्हादबाचंच रडं रडत व्हतो मी. धोंडीच्या हलगीवर. ही काय रीत झाली? म्हणून तर म्हणतो, एकदा सांगून टाका मोठा कोण. माझ्या जिवाला थारा न्हाई."

"तू तिसरा," नूरशा म्हणाला.

"काय तिसरा?"

"हे इचारणारा. ह्याच जागी बसून आधी म्हादबानं इचारलं. मग धोंडीनं."

हैबतीनं डोळे विस्फारले. "म्हादबानं? स्वतः?"

"त्यो म्हणायचा, बाबा, माझ्या गाण्यानं एकाचाबी पाय हलत न्हाई. आन् धोंडी म्हणायचा, हजार नाचत्यात, पण घरी जाऊन कुणी गप बसतं का?"

"मग तुमी काय सांगितलं?"

"चहा पाजला."

हैबतीला हसू आलं नाही. तो चिडला. इतक्या लांब उन्हातान्हात यायचं आणि रिकाम्या हातानं परत जायचं. काहीतरी खरमरीत बोलायला म्हणून त्यानं तोंड उघडलं… आणि तसाच थांबला.

त्यानं ओठ मिटले. हूं…

पुन्हा. हूं… हूं…

पहिल्यापेक्षा खाली. मग जरा वर. मग भलतीकडंच. घोटभर पाणी प्यायला. पुन्हा हूं… तोंडावरचं पाणी पळालं.

"गेला," तो म्हणाला. "बाबा, सूर गेला."

नूरशानं तुणतुण्याचं कातडं चाचपलं.

"तुमच्यापायी गेला. तुमी मला बोलतं केलं." हैबती कपाळाला हात लावून मटकन खाली बसला. "तेवढाच व्हता माझ्यापाशी. आता म्हादबाचं काय राहिलं?"

तो रडला. तेरा महिन्यांत जे झालं नव्हतं ते आता झालं. चाळिशीचा बाप्या गुडघ्यात तोंड घालून, नाक शर्टाला पुसत रडला. फकिरानं त्याला थोपटलं नाही, गप्प राहा म्हटलं नाही. तो चूल पेटवून चहाचं आधण ठेवून आला.

चहा झाला. ऊन कललं. कातडं वाळून खणखणीत झालं. नूरशानं मधोमध भोक पाडलं, तार ओवली, वर खुंटीला गुंडाळली.

"कुठल्या सुराला लावू?" त्यानं विचारलं.

"मला काय इचारता? गेला म्हटलं ना."

"म्हादबा शेतात असला, आन् तू बांधावर असलास, तर हाक कशी मारायचास?"

"ते कशाला?"

"मार."

"मेलेल्या माणसाला हाक?"

फकीर खुंटीवर हात ठेवून बसून राहिला.

हैबती उठला. समोर नुसतं माळरान. त्याला अवघडल्यासारखं झालं. दोनदा खाकरला. मग दोन्ही तळवे तोंडाशी धरले.

"म्हादबाऽऽऽ…"

नूरशानं खुंटी पिळली. तार छेडली. वर चढवली.

"पुन्यांदा."

"म्हादबाऽऽऽ…"

आणखी थोडी. खुंटी थांबली. तार बोलली, आणि माळावरची हाक आणि ती तार, दोन्ही एकच झाल्या.

नूरशानं तुणतुणं पुढं केलं.

"हा त्याचा सूर न्हाई," हैबती म्हणाला. "त्याचा वरचा व्हता. बारा वर्षं मी वरच गायलो, घसा फुटंस्तोवर."

"बरं."

"बरं काय?"

फकिरानं हात मागं घेतला नाही. तुणतुणं तसंच पुढं धरून ठेवलं.

हैबतीनं ते घेतलं. खाली बसून काखेत धरलं. बोट तारेला लावलं. डोळे मिटून त्यानं म्हादबाचं शेवटचं गाणं धरलं.

"जू उतरव गड्या… बैल दमलं रं…"

आवाज फुटला नाही. कुठं ओढ लागली नाही. तो ऐकत होता आणि त्याला कळत नव्हतं, की हे इतक्या खाली, इतकं सोपं, त्याच्यात कुठं पडून होतं.

दुसरी ओळ घ्यायच्या आधी त्यानं श्वास घेतला. तेवढ्यात फांदीवरच्या हलगीवर नूरशाची दोन बोटं पडली. एकच ठोका. श्वास संपला, ओळ आली.

पुन्हा श्वास. पुन्हा तिथंच ठोका.

हैबतीनं डोळे उघडले. हा ठोका त्यानं हजार वेळा ऐकला होता. वरातीत, जत्रेत, धोंडीच्या मातीत. तो म्हादबाच्या श्वासाच्या जागी पडतो, हे आज पहिल्यांदा कळलं. गाणं त्यानं थांबवलं नाही. बसल्या जागी त्याचा उजवा पाय हलत होता आणि त्यानं तो हलू दिला.

गाणं संपलं तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. त्यानं घड्याळ पाहिलं. साडेपाच वाजून गेले होते. खिशातला फोन किती वेळ वाजत होता कुणास ठाऊक.

"सभा बसली असंल," तो म्हणाला. पण उठायची घाई त्याच्यात दिसली नाही. मग जरा वेळानं, हळू आवाजात… "बाबा, गावाला काय सांगू? पाटीवर नाव कुणाचं?"

नूरशानं हलगी फांदीवरून काढली, उलटी करून पाहिली आणि पुढचं कातडं भिजत घालायला घेतलं.

"जाताना तार उतरवून ने," तो म्हणाला.