कुसाजीचा वाटा

धामणवाडीच्या वरच्या माळावर एक काळा दगड आहे, बसल्या म्हशीएवढा. त्याच्या पाठीवर परातीसारखा खोलगा पडला आहे आणि तो इतका गुळगुळीत आहे की हात फिरवणारा माणूस पुन्हा एकदा फिरवून बघतो. छिन्नीने एवढी सफाई येत नाही. ती घोड्यांच्या जिभांनी आली आहे.

माळ पाहायला आलेली मंडळी गाडीतून उतरली की आधी मोबाइल काढतात. गावातले म्हातारे गेनूआबा त्यांना तिथेच थांबवतात. "फोटू मागनं. आदी मूठभर मीठ ठिवा, मग काय काढायचं ते काढा." मीठ कोणी आणलेले नसतेच. मग आबाच कोपरीच्या खिशातून पुरचुंडी काढतात, शहरातल्या माणसांच्या नावाने थोडे पुटपुटतात आणि दगडाला पाठ टेकून बसतात. एकदा बसले की गोष्ट सांगितल्याशिवाय ते उठत नाहीत, आणि ऐकल्याशिवाय कोणाला उठू देत नाहीत.

फार जुन्या काळी हा सगळा माळ म्हणे एका सरदाराच्या पागेचे कुरण होता. दसऱ्याला फौज मोहिमेवर निघाली की धडधाकट घोडे स्वारांबरोबर जात. गाभण घोड्या, शिंगरे आणि थकलेली जनावरे इथे मागे राहत. त्यांची निगा राखायला मोतद्दार असत. त्यांतला एक कुसाजी. आईबाप लहानपणीच गेलेले, लग्न कोणी करून दिले नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याची बोबडी वळायची. घोड्यांशी मात्र दिवसभर बडबड चाले. निघताना पागेचा कारभारी त्याला म्हणाला, "मृगाच्या आत आम्ही परत येतो. एकही जनावर इकडचं तिकडं होता कामा नये." कुसाजीने मान हलवली. एवढे त्याला जमण्यासारखे होते.

नुसत्या गवतावर घोड्याचे भागत नाही, हे आबा मुद्दाम थांबून सांगतात. अंगात मीठ कमी पडले की घोडा झाडाची साल कुरतडतो, दुसऱ्याची शेपटी चावतो, शेवटी माती खातो आणि पोटशूळ उठून लोळत मरतो. माळाच्या पलीकडे एका खोल घळीत खारा ओढा आहे. उन्हाळ्यात त्याच्या काठावर पांढरी माती फुलते. मिठाला हपापलेले जनावर तिचा वास धरून उतरते, आणि त्या काळी घळीत लांडगे होते.

म्हणून कुसाजी चाटण करायचा. खडे मीठ, जाळलेल्या हाडांची राख, चुनखडीची पूड, आणि मिळून यावे म्हणून गुळाचा खडा. त्याचे गोळे वळून तो या दगडावर मांडायचा. दिवस कलला की माळाच्या चारी अंगांनी जनावरे यायची. त्यांना ना दावे लागायचे ना दोर. कुसाजी शेजारी बसून एकेकाला नावाने हाक मारी, कोणाची खरूज बघे, कोणाच्या खुरातला काटा काढी. त्यात एक कुमैत घोडी होती, तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची. तिचे शिंगरू नुकते पायावर उभे राहिले होते. तिच्यावर त्याचा फार जीव.

मृग आला, पाऊस पडून गेला, फौज काही आली नाही. पुढचा दसराही तसाच गेला. कोणी म्हणे फौज कापली गेली, कोणी म्हणे सरदार दुसऱ्या धन्याकडे गेला. बरोबरचे मोतद्दार एकेक करून आपापल्या मुलखाला निघून गेले. मग लढाईची धग इकडेही आली आणि खालचे गावच्या गाव उठले. सर्वांत शेवटी धुरपाई कुंभारीण निघाली. कुसाजीला अधूनमधून कालवण पाठवणारी तीच एकटी होती. जाता जाता ती माळ चढून वर आली.

"चल रं लेकरा. हितं कुनासाठी बसलाईस?"

"दिस कलला की येत्यात ती," कुसाजी म्हणाला. "अन् मी नसलो तर?"

धुरपाई हसली. वाईट मनाने नव्हे, थकलेले माणूस हसते तशी. "अरं, मिठासाठी येत्यात ती. तुझ्यासाठी न्हाई."

ती उतरून गेली. त्यानंतर कुसाजीच्या कानावर माणसाचा शब्द पडला नाही. त्यामुळे झाले असे, की शेवटचा ऐकलेला शब्दच त्याच्या डोक्यात राहिला आणि घुमू लागला. चाटण वळताना, पाणी भरताना, निजताना तेच. खरेच का ती नुसती मिठासाठी येतात? या एवढ्या मोठ्या माळावर आपण आहोत की नाही, याचे कोणालाच काही नाही? माणूस एकटा पडला की त्याला भलते काही सुचते. एके दिवशी त्याने दगड मुद्दाम कोरडा ठेवला आणि शेजारी जाऊन बसला.

जनावरे आली. त्यांनी दगड हुंगला, जीभ लावून पाहिली, फुरफुरली. कुसाजीने नावे घेऊन हाका मारल्या. एकाही घोड्याने कान वळवला नाही. कुमैतने तर त्याच्याकडे बघितलेही नाही. वाऱ्यावर खाऱ्या मातीचा वास आला आणि सगळी घळीकडे वळली. कुसाजी ऊर फुटेस्तोवर मागे धावला, पण चार पायांपुढे दोन पायांचे काय चालणार? उजाडता उजाडता जनावरे परतली. कुमैतही परतली, पण तिच्या मागे शिंगरू नव्हते.

दिवसभर ती घळीच्या तोंडाशी उभी राहून खिंकाळत होती. कुसाजी तिच्याजवळ जाऊ धजला नाही. तो दगडापाशी आला, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाला, "मी जिता हाय तवर ह्यो दगूड कोरडा ऱ्हायचा न्हाई." आपल्यासाठी येतात की मिठासाठी, हा प्रश्न त्याने त्या दिवशी सोडून दिला. उत्तर मिळालेच होते.

कोकणातले मीठ घाट चढून वर आणायचे ते लमाण. दिवाळी झाली की त्यांच्या बैलांचे तांडे यायचे. त्या साली लढाईने घाट बंद झाला आणि तांडा आलाच नाही. कुसाजीने आधी स्वतःच्या खाण्यातले मीठ तोडले. ओस गावातल्या जमिनीखालच्या पेवात राहिलेली ज्वारी तो आणायचा आणि अळणी भाकरी, अळणी आंबील पोटात ढकलायचा. चाटणाचे गोळे लिंबाएवढे झाले, मग बोराएवढे. उन्हाळा चढत गेला. एक दिवस पोते झटकले तर नुसती धूळ पडली.

तो दगडापाशी डोके धरून बसला होता. अंग घामाने निथळत होते. इतक्यात पाठीवर काही खरखरीत फिरले. वळून पाहतो तर कुमैत त्याची पाठ चाटत होती.

त्या दिवसापासून कुसाजी भर दुपारी पहार घेऊन हा दगड कोरू लागला. कोरायला काही कारण नव्हते. घाम यायला हवा होता, एवढेच. घाम दगडावर पडे, अंगावरचा तो हाताने निपटून खोलग्यात पुसे, आणि घोडे येऊन दगड चाटत, त्याची मान चाटत, दंड चाटत. एका माणसाच्या घामाने एवढ्या जनावरांचे कसे भागेल, असे पाहुण्यांत कोणीतरी शहाणे विचारतेच. आबा शांतपणे म्हणतात, "भागलं कुठं? पन दगूड वला ऱ्हायला. त्याची बोली तेवढीच हुती."

पण अळणी खाऊन घाम गाळणारे शरीर किती टिकणार? त्याच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, हातातून पहार गळू लागली, आणि एका दुपारी घामच येईना. तो दगडाच्या पायथ्याशी आडवा झाला. "जावा बाबांनो," तो म्हणाला म्हणे, "पन घळीत नगा. नदीच्या अंगानं जावा." हे कोणी ऐकले, असे आबांना विचारायचे नाही. मग त्याने कूस बदलून तोंड दगडाकडे केले. जाताना ती दिसू नयेत म्हणून.

थोड्याच दिवसांनी घाट मोकळा झाला आणि थावरा नाईकाचा तांडा मिठाच्या गोण्या लादून घळीच्या काठाकाठाने माळावर चढला. खाऱ्या ओढ्याची पांढरी माती त्याला वाटेत लागली होती. तिच्यावर एकाही खुराचा उमटा नव्हता. वर येऊन पाहतो तर दगडाभोवती घोड्यांचे कडे. हाडे वर आलेली, कातडी लोंबलेली. भोवतालचे गवत मुळापर्यंत खाल्लेले, पण कडे मोडून एकही लांब गेलेला नव्हता. मधला दगड खडखडीत कोरडा होता. कुमैत कुसाजीवर सावली धरून उभी होती.

थावराने गोणी फाडून दगडावर मीठ ओतले. एकाही घोड्याने मान वळवली नाही.

नाईकाने पाण्यात मीठ कालवून कुसाजीच्या ओठांना लावले. यापुढे गावात दोन मते आहेत. काही सांगतात, त्याने डोळे उघडले, भोवतीचे कडे पाहिले, मिठाने भरलेला दगड पाहिला, आणि मग मिटले. काही सांगतात, तो कधीच गेला होता, तोंड दगडाकडे करूनच, आणि त्याला काहीच कळले नाही. आबा दोन्ही सांगतात. दुसरे सांगताना त्यांचा आवाज फार खाली येतो.

गाव पुन्हा वसले. आजही धामणवाडीत दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरोघर अळणी जेवतात आणि त्या जेवणातले मीठ या दगडावर येते. धनगरांची तट्टे माळावर उतरली की आधी इथेच येतात. आबांची म्हातारी घोडी चंद्रीही येते. बायको गेल्यापासून आणि मुले पुण्याला राहिल्यापासून घरात आबा आणि दारात ती, एवढेच.

पाहुण्यांनी ठेवलेले मीठ चंद्री चाटून संपवते. दगड कोरडा होतो. तरी जनावर लगेच जात नाही, मान खाली घालून थोडा वेळ तिथेच उभे राहते. त्या थोड्या वेळाला इथे कुसाजीचा वाटा म्हणतात. तेवढ्या वेळात कोणी बोलत नाही, कोणी जनावराला हाकलत नाही. पाहुण्यांना परत निघायची घाई असते, ते हळूच घड्याळ बघतात. आबा बघत नाहीत. चंद्री आपणहून पाऊल उचलेपर्यंत ते दगडाला टेकून बसून राहतात.