निळी रेघ

गाड्यांमध्ये नकाशा नवा नवा आला होता, तेव्हाची ही गोष्ट. केरबाच्या जीपमध्ये समोरच्या काचेला मोबाइल चिकटवलेला होता, आणि त्यातल्या नकाशाला आपल्या निळ्या रेघेचा भारी तोरा होता.

काच त्याला म्हणायची, "बाबा, तू नुसतं बोलून वाट सांग. केरबाची नजर माझ्यातून बाहेर राहू दे."

"बाहेर काय बघायचंय? सगळा रस्ता माझ्यात आहे!" असं म्हणून नकाशा आणखीच चमकायचा.

एका वस्तीपाशी निळी रेघ नीट बघायला केरबाने मान वळवली. पुन्हा समोर पाहिलं आणि त्याने करकचून ब्रेक दाबला. जीप थांबली ती एका म्हातारीपासून वीतभर अंतरावर. तिच्या पाटीतली वांगी रस्ताभर पांगली होती.

शिव्या खायच्या तयारीनेच केरबा खाली उतरला. म्हातारीने पदर सावरला आणि विचारलं, "वाट चुकलास व्हय, लेकरा? कुठं जायचंय तुला?"

केरबाला मान वर करवेना. तो खाली बसून वांगी वेचू लागला.

काच नेहमीसारखीच समोरचा रस्ता दाखवत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं नकाशाला वाटत राहिलं.